फिरकी आणि नेम

बिलियर्ड्स, स्नूकर आणि पूल हे तिन्ही खेळ एकाच कुळातले. बनातीने मढविलेले सपाट टेबल, त्याच्या कडांना रबरी कुशने, हातात निमुळता क्यू आणि समोर गुळगुळीत चेंडू, एवढेच त्यांचे साहित्य. बाहेरून पाहणाऱ्याला हे खेळ फार सोपे वाटतात. येथे वारा नाही, ऊन नाही. चेंडू आपल्या जागी स्थिर आहे आणि प्रतिस्पर्धी खुर्चीवर स्वस्थ बसलेला आहे. मग नेम चुकावा तरी कशाला, असा प्रश्न त्याच्या मनात येतो. परंतु नेमाचा प्रश्न या खेळांत जितका नाजूक आहे, तितका तो मैदानी खेळांतही क्वचितच असेल.

नवशिक्या खेळाडू प्रथम पांढऱ्या चेंडूच्या बरोबर मध्यावर ठोका मारावयास शिकतो. काही महिन्यांत त्याचा हात बसतो आणि समोरचा रंगीत चेंडू पॉकेटमध्ये पडू लागतो. नंतर कोणीतरी त्याला ‘साइड’ दाखवितो. साइड म्हणजे मध्याच्या उजवीकडे किंवा डावीकडे ठोका मारून चेंडूला दिलेली फिरकी. त्या दिवसापासून त्याचा नेम बिघडू लागतो. जोराने मारावे तर रंगीत चेंडू एका बाजूने चुकतो, हळू मारावे तर दुसऱ्या बाजूने. एकच चूक नेहमी एकाच बाजूला झाली असती, तर तिचा बंदोबस्त करता आला असता. पण ती बाजू बदलते, आणि म्हणून आपला हातच थरथरतो आहे, असा त्या बिचाऱ्याचा ग्रह होतो. मग तो उभे राहण्याची ढब बदलतो, कोपर बदलतो, डोळ्यांखालील क्यूची जागा बदलतो. जे चांगले होते तेच तो मोडून टाकतो. दोष नसलेल्या हातावर असे उपचार करून किती होतकरू खेळाडूंनी आपला खेळ घालविला असेल, कोण जाणे! वस्तुतः पुष्कळदा हात निर्दोष असतो. चुकीचा असतो तो एक समज. क्यू ज्या दिशेला रोखलेला असतो त्याच दिशेने चेंडू जातो, हा तो समज होय. मध्यावरील ठोक्यापुरता तो खरा आहे. साइडच्या ठोक्याला तो लागू पडत नाही.

ही साइड खेळात आली कशी, हे थोडक्यात पाहिले पाहिजे. पूर्वी क्यूचे टोक नुसत्या लाकडाचे असे. मध्य सोडून ठोका मारला की ते चेंडूवरून घसरे, त्यामुळे फिरकीला वावच नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच सैन्यातील कप्तान फ्रांस्वा मेंगो याने क्यूच्या टोकाला चामड्याची टिप बसविली. राजकीय कारणासाठी तुरुंगात असताना त्याने हा शोध लावला, असे सांगतात. चामड्याने चेंडूला घट्ट पकड मिळाली आणि मेंगो असे काही फटके दाखवू लागला की पाहणाऱ्यांना ती जादू वाटावी. 1827 मध्ये त्याने आपल्या फटक्यांचे पुस्तकही पॅरिसमध्ये प्रसिद्ध केले. पुढे चामड्याला खडू लावण्याची युक्ती आली. इंग्लंडमधील बाथ शहरी कार नावाच्या गृहस्थाने साधी खडूची पूड ‘फिरकीची पूड’ म्हणून डब्यांतून विकली, अशी कथा आहे. पूड साधी होती, पण गुण खरा होता. कारण खडूमुळे टिप निसटत नाही. अमेरिकेत या फिरकीला आजही ‘इंग्लिश’ म्हणतात, ते ही विद्या इंग्रज खेळाडूंनी तिकडे नेली म्हणून, असे सांगितले जाते.

शास्त्रज्ञांचे लक्षही या खेळाकडे लवकरच वेधले. पृथ्वीच्या भ्रमणामुळे वाऱ्यांची दिशा कशी बदलते हे सांगताना ज्याचे नाव भूगोलाच्या पुस्तकांत येते, त्या गास्पार-ग्युस्ताव्ह कोरिऑलिस याने 1835 मध्ये बिलियर्ड्सच्या चेंडूंच्या गतीवर गणिताचा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. जास्तीत जास्त साइड हवी असेल तर ठोका मध्यापासून अर्ध्या त्रिज्येवर मारावा, हे त्याने दाखवून दिले. पूलचा चेंडू 57 मिलिमीटर व्यासाचा असतो. म्हणजे ही मर्यादा मध्यापासून सुमारे 14 मिलिमीटर इतकी येते. तिच्यापलीकडे गेले की टिप घसरते आणि फटका वाया जातो.

या खेळांशी आपल्या देशाचा संबंधही जुना आहे. स्नूकरचा जन्मच जबलपूरचा. तेथील लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये 1875 मध्ये नेव्हिल चेम्बरलेन या तरुण अधिकाऱ्याने हा खेळ रचला. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले चेम्बरलेन ते वेगळे. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स यांनी 1958 मध्ये कलकत्त्यास हौशी बिलियर्ड्सचे जागतिक अजिंक्यपद मिळविले आणि 1964 मध्ये न्यूझीलंडमध्ये ते पुन्हा जिंकले. अलीकडच्या काळात अनेक जागतिक पदके पटकावणारे पंकज अडवाणी यांचाही जन्म पुण्याचाच. तेव्हा साइडचा हा विचार आपल्याकडील खेळाडूंनाही अगदी जवळचा आहे.

साइड द्यावयाची ती कशासाठी? बहुतेक वेळा ती रंगीत चेंडूसाठी नसतेच. ती असते कुशनसाठी. उजवी साइड दिलेला पांढरा चेंडू समोरच्या कुशनवर सरळ जाऊन आदळला, तर तो सरळ परत न येता खेळाडूच्या उजव्या हाताकडे वळतो. तिरक्या मार्गाने आदळला, तर साइड ज्या बाजूची असेल त्याप्रमाणे परतीचा कोन रुंदावतो किंवा अरुंद होतो. त्यामुळे पुढच्या फटक्यासाठी पांढरा चेंडू हव्या त्या जागी आणून ठेवता येतो. सामान्य खेळाडू आताचा चेंडू पाहतो, जाणता खेळाडू पुढचे तीन पाहतो. आणि त्या पुढच्या तिहींसाठी त्याला साइड लागते. परंतु या लाभाची किंमत नेमाच्या रूपाने मोजावी लागते. ही किंमत तीन हप्त्यांत द्यावी लागते, असे म्हटले तरी चालेल.

पहिला हप्ता टिपचा स्पर्श होताच द्यावा लागतो. समजा, पांढऱ्या चेंडूला उजव्या बाजूस ठोका दिला. टिप आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे एक हजारांश भागापुरता टिकतो. पण तेवढ्या अल्प काळातच चेंडू फिरू लागतो आणि आपल्याला चिकटलेल्या टिपला उजवीकडे ओढून नेतो. क्यूच्या पुढच्या भागाला वजन आहे. ते वजन उजवीकडे ढकलावयाचे, तर त्याची प्रतिक्रिया चेंडूवर डावीकडे होणारच. हा न्यूटनचा तिसरा नियम शाळेतील मुलांनाही पाठ असतो. परिणामी उजवी साइड दिलेला चेंडू क्यूच्या रेषेपासून किंचित डावीकडे निघतो. खेळाडू याला ‘स्क्वर्ट’ म्हणतात. फटका जोराचा असो वा हळू, या विचलनाचा कोन जवळजवळ तोच राहतो. तो ठरतो ठोका मध्यापासून किती दूर बसला यावर आणि क्यूच्या टोकाकडील भाग किती जड आहे यावर. संपूर्ण क्यूचे वजन येथे फारसे मोजले जात नाही. कारण एक हजारांश सेकंदात हा धक्का क्यूच्या पुढल्या थोड्याशा भागापलीकडे पोचतच नाही. हे मर्म ध्यानात आल्यावर 1990 च्या दशकात टोकाकडे पोकळ केलेले, हलके क्यू बाजारात आले. त्यांनी हे विचलन कमी होते. नाहीसे मात्र होत नाही.

दुसरा हप्ता बनातीवर द्यावा लागतो. साइडमुळे चेंडूचा मार्ग वाकतो, असे पुष्कळजण मानतात. यात अर्धे सत्य आहे. भोवरा अगदी ताठ उभा फिरत असेल, तर तो एकाच जागी घुमत राहतो. तो कलला की जागा सोडू लागतो. तद्वत् चेंडूची फिरकी अगदी उभ्या अक्षाभोवती असेल, तर तिच्यामुळे त्याचा मार्ग वाकत नाही. परंतु व्यवहारात फिरकी इतकी ताठ कधीच नसते. क्यूची मागची बाजू कुशनच्या वर धरावी लागते, म्हणून क्यू नेहमीच पुढच्या टोकाकडे थोडा उतरता असतो आणि ठोका किंचित वरून खाली बसतो. त्यामुळे फिरकीचा अक्ष कलतो, बनातीचे घर्षण चेंडूला बाजूला ओढू लागते, आणि उजवी साइड असलेला चेंडू हळूहळू उजवीकडे वळतो. याला ‘स्वर्व्ह’ म्हणतात. क्यू जवळजवळ उभा धरून मारलेल्या ‘मास्से’ फटक्यात चेंडू मधल्या अडथळ्याला वळसा घालून जातो, तो याच कारणाने. म्हणजे पहिले विचलन डावीकडे आणि दुसरे उजवीकडे! मात्र दोहोंच्या स्वभावात मोठा भेद आहे. पहिले वेगावर अवलंबून नाही. दुसरे पूर्णपणे वेगावर अवलंबून आहे. जोराचा चेंडू वळण्यास वेळ मिळण्याआधीच लक्ष्यापाशी पोचतो. हळू जाणारा चेंडू वाटेतच वळून घेतो.

तिसरा हप्ता दोन चेंडूंची गाठ पडते तेव्हा द्यावा लागतो. चेंडू कितीही गुळगुळीत असले तरी त्यांच्यात थोडे घर्षण असतेच. उजवी साइड दिलेला पांढरा चेंडू वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. म्हणजे त्याचा पुढचा पृष्ठभाग डावीकडे सरकत असतो. तो रंगीत चेंडूला टेकला की त्यालाही डावीकडे घासून नेतो. दोन चेंडूंच्या मध्यांना जोडणाऱ्या रेषेवरून जाण्याऐवजी रंगीत चेंडू तिच्या थोडा डावीकडे जातो. याला ‘थ्रो’ म्हणतात. हे विचलन थोड्या अंशांचेच असते, आणि हळू फटक्यात ते अधिक होते. तिरक्या फटक्यात साइड नसली तरीही असे घर्षण आपला प्रभाव दाखविते. अशा वेळी योग्य बाजूची योग्य तेवढी साइड दिली, तर दोन्ही चेंडू दातेरी चाकांप्रमाणे एकमेकांवरून न घासता फिरतात आणि रंगीत चेंडू आपल्या रेषेवरच जातो. स्पर्शाच्या जागी खडूचा डाग असेल, तर मात्र घर्षण एकाएकी वाढून भलताच परिणाम होतो. म्हणूनच स्पर्धेत चेंडू वरचेवर पुसून घेतात.

आता या तिहींचा हिशेब एकत्र मांडून पाहू. पांढऱ्या चेंडूने एक मीटर अंतर जाऊन रंगीत चेंडूवर आदळावयाचे आहे. दोन्ही चेंडू आणि पॉकेट एका सरळ रेषेत आहेत. मध्यापासून अर्ध्या सेंटीमीटराच्या आसपास उजवीकडे ठोका दिला, तर साध्या क्यूने सुमारे एक अंशाचे विचलन होते, असे धरू. एक अंश म्हणजे काहीच नव्हे, असे वाटेल. परंतु एक मीटर अंतरावर त्याचे 17 मिलिमीटर होतात. पांढरा चेंडू रंगीत चेंडूच्या मध्यावर न आदळता तेवढा डावीकडे आदळतो, आणि रंगीत चेंडू जवळजवळ 18 अंशांनी उजवीकडे फेकला जातो. अर्ध्या मीटरवरचे पॉकेट या चुकीने 16 सेंटीमीटरांनी हुकते. एका अंशाचे अठरा अंश झाले, ते चेंडूच्या गोलपणामुळे!

जोराच्या फटक्यात ही चूक जशीच्या तशी उरते, कारण वळण्यास वेळ नसतो. चेंडू उजवीकडे चुकतो. तोच फटका हळू मारला, तर पांढरा चेंडू वाटेत उजवीकडे वळून पुष्कळशी चूक भरून काढतो, कधी तिच्याही पलीकडे जातो. शिवाय थ्रो रंगीत चेंडूला डावीकडे ओढतो. मग चेंडू डावीकडे चुकतो. नवशिक्याला जो आपल्या हाताचा चंचलपणा वाटला, तो असा अगदी नियमबद्ध आहे. हात तोच, नेम तोच. बदलला तो फक्त वेग.

याहून फसवी गोष्ट जवळच्या फटक्यात घडते. दोन चेंडूंत वीस सेंटीमीटरच अंतर असेल, तर त्याच एका अंशाने पांढरा चेंडू अवघा साडेतीन मिलिमीटर बाजूला जातो. त्यामुळे रंगीत चेंडू सुमारे साडेतीन अंश उजवीकडे जावयास हवा. पण थ्रो त्याला जवळजवळ तितकाच डावीकडे आणू शकतो. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि चेंडू पॉकेटमध्ये पडतो. खेळाडू समजतो, साइडने नेमात काही फरक पडत नाही. जवळच्या फटक्यांवर शिकलेला हा धडा लांबच्या फटक्यावर त्याला तोंडघशी पाडतो. क्यूच्या दिशेने चेंडू जातो हा समज इतकी वर्षे टिकून राहिला, त्याचे एक कारण या परस्परांना झाकणाऱ्या चुकांत असावे.

मग उपाय कोणता? पहिला उपाय म्हणजे आपला ठोका खरोखर मध्यावर बसतो की नाही, याची परीक्षा. टेबलाच्या मध्यरेषेवरून पांढरा चेंडू समोरच्या कुशनवर सरळ मारावा आणि क्यू जागेवरच धरून ठेवावा. चेंडू परत येऊन टिपला लागला, तर ठोका शुद्ध. तो उजवीकडे परतला, तर नकळत उजवी साइड दिली गेली असण्याचा संभव मोठा. पुष्कळ खेळाडू साइड न देण्याचे ठरवूनही थोडी साइड देतच असतात. त्यांच्या चुकणाऱ्या लांब फटक्यांचे मूळ येथे सापडते.

दुसरा उपाय नेम बदलण्याचा. उजवी साइड देऊन जोराने मारावयाचे असेल, तर क्यू थोडा उजवीकडे रोखावा, म्हणजे डावीकडील विचलनाने हिशेब जुळतो. यासाठी एक सोयीची रीत आहे. प्रथम मध्यावर नेम धरावा; नंतर टेबलावर टेकलेला पुढचा हात जागचा न हलविता मागचा हात किंचित डावीकडे न्यावा. क्यू पुढच्या हाताभोवती फिरतो, टिप उजव्या बाजूस जाते आणि क्यूची दिशाही उजवीकडे कलते. पुढचा हात चेंडूपासून योग्य अंतरावर असेल, तर हे कलणे आणि ते विचलन एकमेकांना काटतात. हे योग्य अंतर प्रत्येक क्यूचे वेगळे असते. साध्या क्यूला ते बहुधा एक फुटाच्या आसपास असते आणि टोकाला हलक्या असलेल्या क्यूला त्याहून अधिक. म्हणूनच जाणता खेळाडू आपला क्यू सहसा बदलत नाही. मात्र ही रीत जोराच्या फटक्याची आहे. हळू फटक्यात चेंडू पुन्हा उजवीकडे वळणार, हे धरून कलणे कमी केले पाहिजे. आणि क्यू शक्य तितका आडवा ठेवला पाहिजे, म्हणजे वळणच थोडे होईल.

तिसरा उपाय संयमाचा. जेथे साइडवाचून चालते, तेथे ती देऊ नये. चेंडूच्या वर किंवा खाली, पण मध्यरेषेवरच ठोका मारून पांढऱ्या चेंडूला पुढे नेता येते, मागे आणता येते आणि थांबविताही येते. यात नेमाला बाध येत नाही. साइड ही मिठासारखी आहे. हवी तेथे चिमूटभर, नको तेथे मुळीच नाही. आणि द्यावयाचीच झाली, तर एकाच अंतरावर, एकाच वेगाने, एकाच मापाची साइड देऊन आधी सराव करावा. मग एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तिन्ही गोष्टी एकदम बदलल्या, तर कोणती चूक कशाने झाली, हे कळण्याचा मार्गच उरत नाही.

हा सर्व हिशेब फटका मारताना कोणी मनात करीत बसत नाही. मातब्बर खेळाडूचा हात तो सरावाने करतो, त्याला कोरिऑलिसचा ग्रंथ वाचावा लागत नाही. पण शिकणाऱ्याला आणि त्याहूनही अधिक शिकविणाऱ्याला हा हिशेब ठाऊक असला पाहिजे. मुलाचा चेंडू पॉकेटच्या कडेवर आपटून परतला की शिकविणारा चटकन त्याच्या कोपराकडे बोट दाखवितो. त्याआधी त्याने दोन प्रश्न विचारावेत: टिप चेंडूला कोठे लागली, आणि फटका किती जोराचा होता? या दोन उत्तरांत चुकीचे कारण सापडले, तर त्या मुलाचा चांगला बसलेला हात आणि त्या हातावरचा त्याचा विश्वास, दोन्ही शाबूत राहतील.